डिप्रेशनमधली माणसं 'मी' जास्त लिहितात म्हणे. मराठी डायऱ्यांवर हे तपासायचं तर कसं?

तपासता येईल. पण फाइलमध्ये नुसता 'मी' शोधून मोजलात तर आकडा चुकणार, कारण मराठीत 'मी' न लिहिताच स्वतःबद्दल पानभर लिहिता येतं.

आधी मूळ दाव्याचं वजन बघू. ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'ल्यूक' (LIWC) नावाचं सॉफ्टवेअर तयार केलं. त्याचं काम साधं आहे: सर्वनामं, राग, दुःख, कुटुंब अशा गटांच्या शब्दयाद्या ठेवायच्या आणि मजकुरातले किती टक्के शब्द कुठल्या गटात पडतात ते सांगायचं. २००४ साली त्यांच्या गटाला डिप्रेशन असलेल्या विद्यार्थ्यांच्या निबंधांत 'मी' जास्त आढळला. पुढे २०१९ मध्ये अमेरिका आणि जर्मनीतल्या सहा प्रयोगशाळांची ४,७०० हून जास्त माणसांची माहिती एकत्र तपासली, तेव्हा 'मी' आणि डिप्रेशन यांचा सहसंबंध (० म्हणजे काहीच नाही, १ म्हणजे पूर्ण) निघाला साधारण ०.१०. याचा वर्ग करा: माणसामाणसांतल्या डिप्रेशनच्या फरकाचा जेमतेम एक टक्का 'मी'शी जुळतो. शिवाय तो संबंध खास डिप्रेशनशी नसून एकूणच नकारात्मक भावना जास्त असण्याशी जुळत होता. म्हणजे गटांची तुलना करा, पण एकाची डायरी वाचून 'याला डिप्रेशन आहे' असं अजिबात म्हणू नका.

आता मराठी. हा नमुना बघा:

'सकाळी उठलो. चहा घेतला. कॉलेजला गेलो नाही. कुणाशी बोलावंसं वाटलं नाही.'

चारही वाक्यं लिहिणाऱ्याबद्दल आहेत आणि 'मी' शून्य. 'उठलो', 'गेलो' यांत निदान प्रत्यय तरी आहे (तोही 'आम्ही उठलो'मध्ये तसाच येतो, हा भाग वेगळा). 'चहा घेतला'मध्ये क्रियापद चहाप्रमाणे चालतं, तिथे लिहिणाऱ्याचा मागमूसही नाही. चौथ्या वाक्यातला 'मला' गाळलेला आहे. मुलीची डायरी असेल तर 'उठले', 'गेले' येणार, आणि 'गेले' तर 'आजोबा गेले'मध्येही येतं, तिथे अर्थ मृत्यूचा. 'आपण'चा गोंधळ याहून मोठा: 'आपण जाऊ' म्हणजे तुम्ही-आम्ही, 'आपण बसावं' म्हणजे समोरचा, आणि 'आपण नाही जाणार बुवा' म्हणजे चक्क मी.

म्हणून मोजायचं एकक शब्द नको, वाक्य ठेवा. प्रत्येक वाक्याला दोन खुणा करा: करणारा किंवा अनुभवणारा लिहिणाराच आहे का, आणि असेल तर 'मी, मला, माझा' उघड लिहिलंय का. आधी २०० वाक्यांवर दोघांनी एकमेकांना न विचारता खुणा करायच्या आणि कोहेनचा कॅपा काढायचा (योगायोगाने जुळणाऱ्या खुणा वगळून दोघांचं किती जुळलं ते सांगणारा आकडा, १ म्हणजे पूर्ण जुळलं). ०.७ च्या खाली आला तर खुणा करणाऱ्यांना दोष देऊ नका, नियम पुन्हा लिहा. बहुतेक वेळा भांडण 'आपण'वरच असतं. दोन्ही खुणांचे आकडे वेगळे ठेवा. जिथे 'मी' सहज गाळता येतो तिथे तो मुद्दाम लिहिलेला का, हा प्रश्न मला तरी मूळ दाव्यापेक्षा रंजक वाटतो.

इंग्रजी अभ्यासांतल्या टक्केवारीशी तुलना टाळा. 'मित्राबरोबर' हा आपल्याकडे एक शब्द, इंग्रजीत दोन-तीन, म्हणजे भागाकाराचा छेदच बदलला.

भावनांचे शब्दही मोजणार असाल तर आधी टायपिंग साफ करा. 'ॲ' दोन प्रकारे टाइप होतो, 'ऱ्या'ही तसाच. डोळ्याला सारखे दिसतात, संगणकाला वेगळे. युनिकोडच्या एनएफसी रूपात (एकाच अक्षराचे वेगवेगळे कोड एकसारखे करण्याची ठरलेली पद्धत) बदलूनही हे दोन्ही फरक राहतात, ते हाताने बदलावे लागतात. पायथॉनमधला शब्द ओळखणारा नेहमीचा पॅटर्न तर काना-मात्रा-अनुस्वाराला अक्षरच मानत नाही: 'मनातलं'चे 'मन' आणि 'तल' असे तुकडे करतो. मोकळ्या जागेवर तोडा, विरामचिन्हं वेगळी काढा. 'मन'ने सुरू होणारं सगळं धरलंत तर मनगट आणि मनुकाही भावनांत जमा होतील.

शब्दयादी इंग्रजीवरून उतरवू नका. 'राग यमन' संतापात जातो, 'भयंकर आवडलं' भीतीत. नकार आपल्याकडे मागून येतो ('आनंद झाला नाही'), तेव्हा शब्दाच्या पुढेही बघायला हवं. नव्हता, नसेल, नको हेही धरा.

आणि प्रत्येक गटात सर्वाधिक वेळा सापडलेले वीस शब्द मूळ वाक्यांत वाचा. ११ सप्टेंबर २००१ च्या पेजर संदेशांवर २०१० मध्ये एक अभ्यास आला: दिवसभर अमेरिकनांचा राग चढत गेला. २०११ मध्ये दुसऱ्या संशोधिकेने ते संदेश उघडून पाहिले. रागाच्या शब्दांपैकी तिसऱ्या हिश्शाहून जास्त एकाच पेजरवर आपोआप जाणाऱ्या एकसारख्या संदेशातले होते: अमुक मशीन पुन्हा चालू करा, 'क्रिटिकल'. ल्यूकच्या यादीत तो शब्द रागाखाली होता.