पूर, पेटी आणि झेरॉक्स

प्रश्न : २०१७ साली गावठाणातली एक घरजागा घ्यायची ठरली. दोन लाख विसार चेकने देऊन स्टँपपेपरवर विसारपावती केली. ऑगस्ट २०१९ च्या पुरात घरात पाणी शिरलं, मूळ पावती गेली. झेरॉक्स आहे. मालक फिरला म्हणून २०२१ मध्ये दावा लावला. समोरचे वकील म्हणतात, झेरॉक्स पुराव्यात घेताच येत नाही. खरं का?
– एक वाचक, पलूस तालुका

उत्तर : अर्धं खरं. झेरॉक्स नुसती यादीसोबत दाखल केलीत तर त्यांची हरकत टिकेल. पण मूळ दस्त हरवला किंवा नष्ट झाला, आणि त्यात तुमची हयगय नसेल, तर दुय्यम पुरावा, म्हणजे मूळ दस्ताऐवजी त्याची नक्कल, देण्याची मुभा कायद्यानेच ठेवली आहे. तुमचा दावा १ जुलै २०२४ च्या आधीचा, त्यामुळे १८७२ च्या पुरावा कायद्याचं कलम ६५ लागू. त्या तारखेपासून लागू झालेल्या नव्या भारतीय साक्ष अधिनियमात हीच तरतूद कलम ६० मध्ये आहे.

खरी मेख 'हरवला' हे शाबीत करण्यात आहे. माझ्या एका पक्षकाराने सरतपासणीच्या, म्हणजे स्वतःच्या साक्षीच्या, प्रतिज्ञापत्रात लिहिलं, कागद पेटीत होते, पेटी पुरात भिजली. उलटतपासणीत विचारलं, पेटी कुठे होती? म्हणाले, माळ्यावर. पाणी किती चढलं? म्हणाले, कमरेइतकं. मी खाली मान घालून फाइल चाळत बसलो.

तेव्हा पावती कुठे ठेवली होती, पाणी कुठवर आलं, ओसरल्यावर कुठे कुठे शोधलं, हे प्रतिज्ञापत्रात नीट येऊ द्या. तलाठ्याने घराच्या नुकसानीचा पंचनामा केला असेल तर त्याची नक्कल काढा. पोलिसांचा गहाळ दाखला जोडा, पण त्यावर विसंबू नका. त्यात तुम्ही सांगितलेलंच लिहिलेलं असतं.

मग झेरॉक्सकडे या. ती मूळ पावतीवरूनच काढली, केव्हा, कोणी, हे सांगावं लागेल. झेरॉक्सची झेरॉक्स असेल तर पहिली प्रत मूळावरून निघाल्याचंही दाखवावं लागतं. कर्जासाठी बँकेत तेव्हा पावतीची प्रत दिली होती का? असेल तर बँकेच्या फाइलमधली प्रत मागवा, पुरापूर्वीची म्हणून तिला वजन येतं. दुय्यम पुरावा देण्यासाठी वेगळा अर्ज कायद्यात सांगितलेला नाही. तरी काही कोर्टांत तो मागतात. मग देऊन टाकावा, वाद घालत बसू नये.

झेरॉक्सला निशाणी क्रमांक, म्हणजे कोर्टाने पुराव्यात घेतलेल्या कागदाला दिलेला नंबर, पडला की पक्षकार पेढे आणतात. थांबा. क्रमांक पडला म्हणजे मजकूर शाबीत झाला असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. मालकाची सही त्याचीच, हे वेगळं सिद्ध करायचं. पावतीवरचा साक्षीदार हयात असेल तर त्याला पिंजऱ्यात उभं करा. चेकची नोंद असलेला बँकेचा खातेउताराही द्या. मूळ पावतीवर मुद्रांक कमी असेल, तर तो दोष झेरॉक्सने झाकला जात नाही. ते वकिलांकडून आधीच तपासून घ्या.

आणि पावती दोन प्रतींत केली होती का, ते आठवून पाहा. दुसरी सहीची प्रत मालकाकडे असेल, तर ती हजर करण्याची नोटीस कलम ६६ खाली त्यांना आधी द्या. नोटीस देऊनही त्यांनी प्रत आणली नाही, तर झेरॉक्ससाठी तुम्हाला पुराखेरीज दुसरा आधारही मिळतो.