डाळिंबात एवढे बी असताना रोप फांदीपासून का तयार करतात?

डाळिंबाच्या दाण्यादाण्यात बी असताना बागायतदार ते पेरत का नाहीत आणि बियांशिवाय नवे झाड तयार होते तरी कसे, असे आपण विचारले आहे. सांगोला तालुक्यात आमची डाळिंबाची बाग आहे आणि त्यातील बहुतेक झाडे मी स्वतः बांधलेल्या गुटीची, म्हणजे झाडावर असतानाच मुळे फुटवून घेतलेल्या फांदीची आहेत, म्हणून गुटीपासूनच सुरुवात करतो.

डाळिंबाचे बी उगवते, परंतु ते परागीकरणातून तयार होत असल्याने त्यात गुणांची नव्याने सरमिसळ झालेली असते. ‘भगवा’ वाणाचे दाणे पेरले तर कोणत्या झाडाचे फळ आंबट निघेल आणि कोणाची साल फिकट राहील, हे फळ धरेपर्यंत कळत नाही. खोड, मूळ किंवा पान यांपासून होणाऱ्या शाकीय पुनरुत्पादनात केवळ पेशींचे विभाजन होते, त्यामुळे मूळ झाडाचे गुण जसेच्या तसे उतरतात.

गुटी पावसाळ्याच्या सुरुवातीला, हवेत ओल असताना बांधतात. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या पक्व फांदीवरून सुमारे अडीच सेंटिमीटर रुंदीची साल अंगठीसारखी काढायची, तेथे ओले शेवाळ लावायचे आणि वरून प्लास्टिकचा कागद घट्ट बांधायचा. सालीबरोबर अन्न खाली नेणाऱ्या वाहिन्या निघून जातात, मात्र आतल्या लाकडातून पाणी वर चढतच राहते. म्हणून फांदी सुकत नाही, आणि पानांत तयार झालेले अन्न व शेंड्याकडून उतरणारे ऑक्सिन हे संप्रेरक कापाच्या वरच्या कडेशी अडून साचते. तेथेच मुळे फुटतात. महिना-दीड महिन्याने कागदातून पहिले पांढरे मूळ दिसते, तेव्हा होणारा आनंद इतक्या वर्षांनंतरही कमी झालेला नाही. मुळे भरली की गुटीच्या खाली कापून फांदी पिशवीत लावायची.

आपल्या जिल्ह्यातला ऊसही बियांवर लावत नाहीत. कांडीच्या प्रत्येक पेऱ्याशी डोळा असतो, म्हणून दोन-तीन डोळ्यांची टिपरी सरीत दाबली की ते फुटतात. केळीच्या बुंध्याशी फुटणारे मुनवे, आल्या-हळदीचे कंद आणि पानाच्या कडेवर रोपे धरणारी पानफुटी ही याच प्रकारातली उदाहरणे होत.

मात्र एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. गुटी म्हणजे मातृवृक्षाचाच एक तुकडा असल्याने गुणांबरोबर त्याचा रोगही येतो. एका वर्षी मी घाईने बाहेरून रोपे आणली आणि त्यांच्या खोडावरचे काळे चट्टे नीट पाहिले नाहीत. पुढच्या पावसाळ्यात त्याच ओळींतून तेल्या, म्हणजे जिवाणूंमुळे होणारा तेलकट डाग रोग, पसरला आणि त्या ओळी उपटून जाळाव्या लागल्या. शिवाय सर्व झाडे एकाच मातीची नसली तरी एकाच पिंडाची असतात, त्यामुळे जो रोग एकाला जड जातो तो साऱ्या बागेला जड जातो. तेव्हापासून मी गुटीसाठी झाड निवडताना त्याचे मागील दोन बहार पाहतो, आणि ज्याच्या एकाही फळावर वा फांदीवर डाग आढळला त्या झाडाला हात लावत नाही. आपण घरी प्रयोग करणार असाल, तर फांदी कापण्यापूर्वी एवढी पाहणी अवश्य करावी.