घाणेरी कुणाची? (आमच्या दादाची तर नक्कीच नाही)

‘लँटाना, म्हणजे घाणेरी, ही प्रजाती मूळची कुठली आणि जगभर कशी पोचली?’ असं तुम्ही विचारलंय. आमच्या घरात हे भांडण वीस वर्षं चाललंय, म्हणून लिहायला बसले.

दादाचं म्हणणं, नाव मराठी म्हणजे झाड आपलंच. अरे, झेंडूचं नाव तरी कुठे परकं आहे? तो मेक्सिकोचा. घायपातही तिकडचाच.

जिला स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये लँटाना कॅमारा म्हटलं, ती मध्य आणि दक्षिण अमेरिकेची. फुलांपायी डच लोकांनी ती युरोपात नेली, तिथल्या काचघरांत तिचे भरपूर संकर झाले आणि ते बागांसाठी जगभर गेले. भारतात एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात आली, तीही शोभेसाठी. म्हणजे आणली माणसांनी. रानभर केली काळी फळं खाणाऱ्या पक्ष्यांनी.

आणि आमच्या कुंपणाला लावली दादाने! ‘गुरं तोंड लावत नाहीत’ म्हणून. लावत नाहीत, कारण विषारी आहे. भुकेपोटी खाल्ली तर यकृत बिघडतं आणि उन्हात कातडी सोलवटते. दोन वर्षांत निम्मी जागा तिने खाल्ली. मी कोयता घेऊन जमिनीसरशी छाटली, बाह्या काट्यांनी फाटल्या, आणि पहिल्या पावसानंतर प्रत्येक बुंध्याला दहा-दहा फुटवे. दादा हसला. मग मी एकेक बुंधा उकरला आणि खोड जिथे मुळाला मिळतं, त्याच्या खाली मूळ तोडलं. ती झुडपं परत उठली नाहीत. उपटलेली उलटी करून ठेवायची, नाहीतर मातीला टेकून पुन्हा मुळं धरते.

फुलं सुंदर आहेत हे मी कधी नाकारलं नाही. एकाच गुच्छात मधली ताजी फुलं पिवळी आणि कडेची जुनी गुलाबी. पण म्हणून ती कुंपणाला? हवाईत १८५८ मध्ये आणली आणि १९०२ मध्ये तिला खाणारे किडे मेक्सिकोतून मागवायची वेळ आली. तरी ती तिथे आहेच.

हां, तुम्ही प्रजातीचं, म्हणजे अनेक जातींच्या अख्ख्या गटाचं, विचारलंत आणि मी एकाच जातीवर घसरले. लँटानाच्या बऱ्याचशा जाती अमेरिकेतल्या असल्या तरी काही आफ्रिकेच्या मूळच्याच आहेत, तेव्हा तिथे दिसेल ती लँटाना उपटत सुटू नका. कुंडीतली जांभळी, पसरणारी असते ती वेगळी जात, दक्षिण अमेरिकेची. बी न धरणारे संकरही मिळतात. दादा हल्ली त्यांचंच नाव पुढे करतो. पण त्यांच्यातही काहींचे पराग चालतात, शेजारच्या रानटी झुडपाला फळ धरवतात. दादा, हे वाचत असशील, तर तुझ्या गच्चीवरच्या कुंडीबद्दलच बोलतेय.