वकीलपत्र घेऊ नकोस

प्रिय,

तुझं टिपण काल रात्री वाचून संपवलं. शेवटची ओळही वाचली: ‘अजून काही पुरावे सुचतात का?’ सुचतात. पण देणार नाही.

वाचनगटात कुणीतरी ‘गॅलॅक्टिक पेट्रोल’ला, ई. ई. स्मिथच्या लेन्समन मालिकेतल्या त्या अवकाश-कादंबरीला, पोरकट म्हटलं. तू घरी येऊन ते पुन्हा वाचलंस. निम्म्या ठिकाणी ते तुलाही पोरकट वाटलं, आणि तरीही शेवट आला तेव्हा पहाट झाली होती. ‘मला पुस्तक आवडतं की त्यातलं माझं लहानपण?’ असा एक खरा प्रश्न तुला पडला होता. तो तसाच सोडून तू पुस्तक थोर असल्याचे पुरावे गोळा करायला बसलीस, याचा मला राग आहे. आवडत्या पुस्तकाचं वकीलपत्र घ्यायचं नसतं. हे पत्र एवढ्यासाठीच लिहिते आहे. बाकी सगळं पाल्हाळ समज.

तुझे पुरावे खोटे आहेत असं मी म्हणत नाही. १९६६ साली विज्ञानकथांच्या ह्यूगो पुरस्कारांत सर्वकालीन उत्कृष्ट मालिकेचा एक खास गट होता, त्यात लेन्समन मालिकेला नामांकन होतं. पुरस्कार अॅसिमॉव्हच्या ‘फाउंडेशन’ला गेला. १९६२ साली एमआयटीतल्या मुलांनी पीडीपी-१ या संगणकावर ‘स्पेसवॉर’ हा खेळ रचला, तो स्मिथच्या कादंबऱ्यांच्या नादातच. स्मिथच्या गोष्टी छापणाऱ्या मासिकाच्या संपादकाने, कॅम्बेलने, १९४७ साली पत्रातून त्याला कळवलेली अमेरिकी नौदलाची हकिगतही तू शोधून काढलीस: युद्धनौकांवरच्या माहिती-कक्षाची कल्पना स्मिथच्या कादंबरीतल्या सेनापती-जहाजावरून उचललेली आहे, ही. छान. पण यातली एक तरी गोष्ट तुला अकराव्या वर्षी ठाऊक होती का? मग ती तुझ्या प्रेमाचं कारण कशी होईल?

मला हे कळतं कारण तुझ्या वयात मीही तेच केलं. कुणी विचारलं की ‘या प्रकाराचा इतिहास समजावा म्हणून वाचते’ असं म्हणायचे. पुढे एका सभेत जवळपास हेच पुरावे मांडून तासभर बोलले. लोकांना पटलं. एका गृहस्थांनी मुद्दाम येऊन सांगितलं, ‘आता या पुस्तकाकडे आदराने बघेन.’ मी केवढी खूश! पण त्यानंतर कित्येक वर्षं मला ते पुस्तक वाचताच येईना. कुठलंही पान उघडलं की मनात हिशेब सुरू: हे आपल्या बाजूचं, हे विरोधकांच्या बाजूचं. वकिलाला अशील आवडावं लागत नाही, खटला जिंकला की झालं. मी जिंकले आणि पुस्तक गमावून बसले. ते परत मिळवायला फार काळ गेला. आता कुणी विचारलं तर मी ‘आवडतं’ एवढंच म्हणते आणि पुढे बोलत नाही. लोकांना तो उद्धटपणा वाटतो. वाटू दे.

तुझ्या त्या लांबलचक टिपणात मला एकच वाक्य आवडलं, तेही तू कंसात टाकलंस. जडत्वाबद्दलचं. अगं, तिथेच तर सगळं आहे! बर्गनहोम नावाचं यंत्र जहाजाचं जडत्व नाहीसं करतं. जडत्वच नाही तर वेग वाढायला वेळ कशाला लागेल? इंजिनाचा रेटा आणि अवकाशातल्या विरळ द्रव्याचा विरोध जिथे समसमान होतात, तो वेग जहाज तत्क्षणी गाठतं. दोन दीर्घिकांमधल्या पोकळीत द्रव्य आणखी विरळ, म्हणून तिथे वेग आणखी प्रचंड. इथपर्यंतची थाप कुणीही मारली असती. स्मिथ पुढे जातो. यंत्र बंद केलं की जहाजाचा मूळचा वेग, मूळच्या दिशेने, जसाच्या तसा परत येतो. त्यामुळे परक्या ग्रहावर उतरलात तरी यंत्र बंद करायची सोय नाही. आधी स्वतःचा वेग त्या ग्रहाच्या वेगाशी जुळवून घ्यायचा, तोही इंधन जाळत, सावकाश. निरनिराळ्या जहाजांतून आलेल्या दोन मित्रांना हस्तांदोलन करायचं तर आधी हीच कसरत. एक अशक्य गोष्ट मान्य केली की तिचे सगळे परिणाम भोगायचे, पळवाट नाही. वेग नेहमी कशाच्या तरी तुलनेतच असतो, हे मला शाळेत कुणी शिकवण्याआधी या गोष्टीतून कळलं होतं. लिहिणारा रसायन अभियांत्रिकीतला डॉक्टरेट होता आणि पोटापाण्यासाठी डोनटच्या पिठाची मिश्रणं तयार करायचा. हे मी पुरावा म्हणून सांगत नाही, मला ते सांगायला आवडतं म्हणून सांगते. फरक लक्षात घे.

आणि वर्सेल! नायक किनिसन एका परग्रहावर उतरतो, हिंस्र प्राणी अंगावर येतात, आणि मदतीला धावतो तो पंखांचा, सापासारखा, अनेक डोळ्यांचा एक जीव. किनिसनच्या मनगटावरच्या लेन्समुळे, मनाला मनाशी बोलू देणाऱ्या त्या भिंगामुळे, दोघांची मनं जुळतात आणि जन्माची मैत्री होते. किंवा विष श्वासात घेणारा, अतिशीत ग्रहावरचा नाड्रेक. धोका टाळणं हाच त्याचा धर्म. शत्रूच्या किल्ल्यातल्या लोकांना तो बाहेरूनच असं झुंजवतो की ते एकमेकांना मारून संपतात. शेवटच्या तिघांना मात्र त्याला स्वतः मारावं लागतं, तर काम बिघडलं म्हणून तो इतका ओशाळतो की याची नोंदच नको म्हणतो. माझी उमेदीची वर्षं मी त्या नाड्रेकसारखी, कुठेच अंगावर न घेता काढली, आणि लोक त्याला समंजसपणा म्हणायचे. जाऊ दे.

जडत्वाच्या त्याच नियमातून ‘ग्रे लेन्समन’चा शेवट निघतो. विरुद्ध दिशांनी धावणारे दोन अख्खे ग्रह जडत्व काढून आणायचे, शत्रूच्या जार्नेव्हॉन ग्रहाच्या दोन बाजूंना उभे करायचे आणि त्यांचं जडत्व परत द्यायचं. मधला ग्रह चिरडून जातो. लहानपणी मी टाळ्या पिटल्या होत्या. तू या वेळी वाचताना थांबलीस आणि तिथे कोण कोण राहत असेल, असं तुझ्या मनात आलं. ते यायलाच हवं. पिढ्यान्‌पिढ्या माणसांचे वंश निवडून, जुळवून नायक घडवणारे अरिशिया ग्रहावरचे ते थोर मेंदूही तुला खटकले. खटकायलाच हवेत. लेन्स स्त्रियांसाठी नाही, हे तर ‘फर्स्ट लेन्समन’मध्ये स्पष्टच सांगितलंय. या प्रत्येक जागी तू टिपणात ‘तो काळ वेगळा होता’ असं लिहिलंस. का? कुणी ‘हे वाईट आहे’ म्हटलं तर ‘हो, आहे’ म्हण. पुस्तक तेवढ्याने मरत नाही, आणि तुझं प्रेम तेवढ्याने मरणार असेल तर मरू दे.

मला मात्र हा बाईचा मुद्दा फार लागायचा. मी कधी त्या नर्स क्लॅरिसाच्या जागी नव्हतेच, मी थेट किनिसन होते, इस्पितळात मांसाचा तुकडा मिळत नाही म्हणून आकांडतांडव करणारा. आणि नंतर क्लॅरिसाला लेन्स मिळतेच की. ‘चिल्ड्रेन ऑफ द लेन्स’मध्ये तर तिच्या चार मुली मालिकेतल्या एकूण एक सेनापतीला मागे टाकतात. लेन्ससुद्धा लागत नाही त्यांना, हवी तेव्हा स्वतः घडवतात. १९४७ साली असं कोण लिहीत होतं? बघ. घेतलंच मी वकीलपत्र. इतक्या वर्षांनी, तुला नको नको म्हणत असताना. ही खोड किती चिवट आहे ते तुला दिसावं म्हणून हा परिच्छेद खोडत नाही.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते. पुस्तक आवडतं की लहानपण, हे तुला वेगळं करता येणार नाही, आणि ते करायला सांगणाऱ्याला आपण होऊन उत्तर द्यायला जाऊ नकोस. या मालिकेत मेंटर नावाचं एक पात्र आहे. नायक विचारायला गेला की तो त्याला बहुधा ‘नीट विचार कर’ म्हणून परत पाठवतो. मी तितकी थोर नाही, मी सरळ सांगते. तू तुझ्या कथेतली ताफ्यांची लढाई काढून टाकलीस आणि तिथे दोन माणसांचा खिडकीशी उभं राहून संवाद घातलास. मला ते मसुदा वाचतानाच खुपलं होतं, त्याचं कारण आता कळलं. वाचनगटाच्या भीतीने काढलीस तू ती. संवाद बरा आहे, पण तो कुणीही लिहील. लढाईत तू गुरुत्वाकर्षणाचा एक वेडा नियम ठरवला होतास आणि त्याच्यापायी तुझाच सेनापती अडकला होता. ते प्रकरण खास तुझं होतं. कुठून आलं ते तुलाही ठाऊक आहे आणि मलाही.

टिपण फाडू नकोस, माहिती चांगली जमवली आहेस, कधीतरी लेख होईल. पण गटात वाचू नकोस. ते प्रकरण परत घाल आणि मला पाठव. गोडीगुलाबीने वाचणार नाही, आधीच सांगते.

तुझी,
मावशी

ता. क. तुझ्या धाकट्या भावाला मालिका कुठून सुरू करायला सांगावी, असं विचारलं होतंस. ‘ट्रायप्लॅनेटरी’पासून मुळीच नको, त्यावर पहिला क्रमांक छापलेला असला तरी. ती गोष्ट १९३४ सालची, स्वतंत्र. १९४८ साली पुस्तक करताना स्मिथने तिला मालिकेची प्रस्तावना जोडली आणि पडद्यामागे कोण आहे ते सुरुवातीलाच सांगून टाकलं. मासिकात वाचणाऱ्यांना ते रहस्य १९३७ पासून थोडं थोडं उलगडत गेलं. त्याला ‘गॅलॅक्टिक पेट्रोल’ दे. आणि देताना काही बोलू नकोस.