मूडनुसार प्लेलिस्ट कशी बनवावी? फोनमध्ये शेकडो गाणी आहेत, पण वेळेला हवं ते सापडत नाही. (सोलापूर)

प्लेलिस्टला 'आनंदी', 'उदास' अशी नावं देऊ नका, वेळेची आणि कामाची द्या. 'उदास'मध्ये नेमकं काय टाकायचं हे ठरत नाही, पण 'मे महिन्यातली दुपार' म्हटलं की आपोआप कळतं. माझ्या फोनमध्ये चारच आहेत:

- कंबर तलावाची फेरी: मिनिटाला साधारण १२० ठोक्यांची गाणी. भराभर चालणाऱ्याच्या पावलांशी ही लय जुळते. लेझीम-हलगीचा ठेका इथेच टाका.
- मेची दुपार: पारा ४२ वर गेला की शब्दसुद्धा नकोसे होतात. फक्त बासरी आणि संतूर.
- हुतात्मा एक्सप्रेस: रेल्वेने पुण्यापर्यंत चारेक तास, म्हणजे पन्नासेक गाणी. आधीच डाऊनलोड करा, वाटेत रेंजचा भरवसा नाही.
- डोकं फिरलंय: हिच्यात क्रम महत्त्वाचा.

संगीतोपचारात 'आयसो प्रिन्सिपल' म्हणून एक पद्धत आहे: आधी आहे त्या मनःस्थितीशी जुळणारं ऐकवायचं, मग हळूहळू हव्या त्या मनःस्थितीकडे न्यायचं. म्हणून रागात असताना एकदम भूपाळी लावू नका, जास्तच चिडचिड होते. आधी दोन-तीन दणदणीत गाणी, मग मध्यम लयीची, शेवटी एखादा संथ अभंग.

फक्त हे सगळ्यांना सारखं लागू पडत नाही. काहीजण दुःखी गाण्यांत अडकून तीच तीच फिरवत बसतात. तुमचं तसं होत असेल तर सुरुवातीचं उदास गाणं एकच ठेवा.