घरच्या लॅपटॉपची डिस्क कूटबद्ध (पासवर्ड किंवा कीशिवाय वाचता न येणारी) करण्यासाठी विंडोजमधले बिटलॉकर चांगले की व्हेराक्रिप्ट हा वेगळा प्रोग्राम? त्याने वेग कमी होतो का?

वेग कमी झाल्याचे सहसा जाणवत नाही, कारण गेल्या दहाएक वर्षांतील बहुतेक प्रोसेसरमध्ये एईएस या कूटबद्ध करण्याच्या पद्धतीसाठी स्वतंत्र सोय असते. राहिली निवड, ती माझ्या दृष्टीने दुय्यम आहे, आणि त्याचे कारण आमच्याच घरात घडले आहे.

२०२१ साली आमचा नवा लॅपटॉप माझ्या मेहुण्यांनी सुरू करून दिला. त्यात विंडोज होम असल्यामुळे पूर्ण बिटलॉकर नव्हते. परंतु त्याचेच साधे रूप असलेले ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ मायक्रोसॉफ्टच्या खात्याने प्रवेश करताच आपोआप चालू झाले, आणि ते खाते मेहुण्यांच्या जुन्या ईमेलवरचे होते. रिकव्हरी की, म्हणजे अडचणीच्या वेळी डिस्क उघडणारा लांब क्रमांक, वहीत लिहून ठेवू का, असे मी विचारले, तेव्हा ‘म्हणजे कुलपालाच किल्ली अडकवून ठेवण्यासारखे आहे,’ असे म्हणून ते सर्वांसमोर हसले.

दोन वर्षांनी मदरबोर्ड बदलावा लागला. डिस्क उघडण्याची किल्ली सांभाळणारी टीपीएम ही चिप जुन्या बोर्डाबरोबरच गेल्यामुळे लॅपटॉप सुरू होताच निळ्या पडद्यावर ४८ अंकी की मागितली गेली. ती की मेहुण्यांच्या त्या खात्यात जपलेली होती, पण ते त्याचा पासवर्ड विसरले होते, आणि खात्याला जोडलेला मोबाइल क्रमांक केव्हाच बंद झाला होता. डिस्क ठणठणीत आहे, पण आत शिरायला वाट नाही, असे दुरुस्ती करणाऱ्याने सांगितले. अखेर ती पुसावी लागली. आईच्या सहस्रचंद्रदर्शनाचे सगळे फोटो त्यावर होते. नातेवाइकांच्या व्हॉट्सॲपवरून सतरा परत मिळाले, त्यांतील चारांत आईचे डोळे मिटलेले आहेत.

म्हणून आधी की कागदावर लिहा: सहा-सहा अंकांचे आठ गट, आणि शेजारी की-आयडीची, म्हणजे त्या कीच्या ओळख-क्रमांकाची, पहिली आठ अक्षरे, म्हणजे कोणती की कोणत्या यंत्राची हे कळते. आमचा कागद आता विम्याच्या कागदपत्रांत असतो. चोर लॅपटॉप उचलतो, कपाट धुंडाळत बसत नाही, हे मेहुण्यांना अजून पटलेले नाही.

विंडोज प्रो असेल तर बिटलॉकरच वापरावे. व्हेराक्रिप्ट मोफत आणि उत्तम असले, तरी त्याचा पासवर्ड विसरणाऱ्याला तेथे कोणतेही खाते वाचवत नाही. हे सारे संरक्षण यंत्र पूर्ण बंद असताना चोरीला गेले तरच खरे कामाचे आहे. व्हायरसपुढे त्याचा उपयोग नाही. आणि फोटोंची दुसरी प्रत बाहेरच्या डिस्कवर हवीच. ती मीही ठेवली नव्हती, हे मेहुण्यांचे म्हणणे मात्र खरे आहे.