उन्हाळ्यात लघवी गडद होते, किडनी बिघडली का?

प्रश्न: डॉक्टर, आम्ही रावेर तालुक्यातले. आमचे हे केळी कटाईला जातात, मे महिन्यात दिवसातून दोनदाच लघवी होते ती पण गडद पिवळी, आणि संध्याकाळी कंबर दुखते म्हणून मेडिकलवरून पेनकिलर आणून खातात. शेजारचे म्हणतात किडनी चालली. खरं का?

उत्तर: ताई, गडद लघवी म्हणजे बहुतेकदा किडनी चालू आहे आणि पाणी वाचवतेय. दोन्ही किडन्या मिळून दिवसाला साधारण १८० लिटर पाणी रक्तातून गाळतात, पण लघवी होते फक्त दीड-दोन लिटर, बाकीचं सगळं परत रक्तात जातं! एकेका किडनीत सरासरी १० लाख बारीक गाळण्या असतात, त्यांना नेफ्रॉन म्हणतात, आणि त्यांच्या नळ्याच हे पाणी परत ओढून घेतात. आपल्याकडच्या ४५ डिग्रीत घामावाटे पाणी गेलं की मेंदूतून हार्मोन सुटतो, नळ्या आणखी पाणी ओढतात, आणि घाण तेवढी थोड्या पाण्यात बाहेर पडते म्हणून रंग गडद. पण असं रोजच चाललं तर मुतखडा व्हायला वेळ लागत नाही.

मला खरी काळजी वाटते ती गोळीची. अंगात पाणी कमी असलं की किडनीकडे रक्त कमी जातं, तेव्हा किडनी स्वतःच काही रसायनं तयार करून आपल्या रक्तवाहिन्या उघड्या ठेवते, आणि डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या नेमकी तीच रसायनं बंद करतात. उन्हातून आल्यावर पाण्याविना सुकलेल्या अंगावर रोज अशी गोळी घेतली तर चांगली किडनीसुद्धा बसू शकते, म्हणून ती आजपासून बंद करायला सांगा.

कंबरेचं म्हणाल तर किडन्या कमरेच्या वर, पाठीकडून शेवटच्या बरगड्यांच्या आडोशाला असतात, उजवी जरा खाली कारण तिच्या वर लिव्हर. घड वाहून कंबर दुखते ती बहुतेकदा स्नायूंची, शेक द्या. कुशीतून जांघेकडे कळ आली तर मात्र खडा असू शकतो, सोनोग्राफी करून घ्या.

कटाईला जाताना पाण्याचा कॅन सोबत द्या, तहान लागायची वाट न बघता थोडं थोडं प्यायला सांगा, लघवी फिक्या रंगाची व्हायला हवी. इतके दिवस गोळ्या खाल्ल्यात म्हणून एकदा क्रिएटिनिन (किडनी नीट गाळतेय का ते दाखवणारी रक्ताची तपासणी) आणि लघवीतलं प्रोटीन तपासा, बीपी आणि शुगर पण बघून घ्या. पाणी पिऊनही लघवी होत नसेल, लाल होत असेल किंवा पायावर सूज आली तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या.